चाळिशी ओलांडलेल्या गाडीची तपासणी

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनमधल्या जुन्या स्पोर्ट्स कारवरचा लेख वाचला. फोटो फारच सुंदर होते, लाल एमजीबी, हिरवी मॉर्गन, जग्वार ई-टाइपचं ते लांबलचक बॉनेट, मी दोनदा परत उघडून बघितले. पण लेखाच्या शेवटी असं लिहिलंय की तिथं गाडी चाळीस वर्षांची झाली की ना टॅक्स ना तपासणी, त्यामुळे छान रंग मारून घ्यायचा आणि खुशाल फिरायचं. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय, कारण मी ऑक्सफर्डशायरमध्येच राहतो, माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची गाडी, आहे आणि त्या गाडीखाली झोपून माझे बरेच शनिवार-रविवार गेलेत.

नियम असा आहे की चाळीस वर्षं झालेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून टॅक्स शून्य लागतो, पण तो शून्याचा टॅक्ससुद्धा दरवर्षी भरल्याची नोंद करावीच लागते. आणि २० मे २०१८ पासून अशा गाड्यांना एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, सक्तीची राहिली नाही. अट एवढीच की मागच्या तीस वर्षांत गाडीत मोठे मूलभूत बदल केलेले नसावेत. इथपर्यंत लेखातलं बरोबर आहे. पण तपासणीतून सूट मिळाली म्हणजे गाडी चांगल्या स्थितीत ठेवायच्या जबाबदारीतून सूट मिळाली असं नाही, धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, मग ती १९३५ ची असो की कालची. आणि हौसेनं एमओटी करून घ्यायला कोणी अडवलेलं नाही, मी दरवर्षी करतो, आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो की तुम्हीही करा.

का ते माझ्याच गाडीवरून सांगतो. मी ती घेतली तेव्हा दिसायला एकदम झकास होती, आधीच्या मालकानं एका वर्कशॉपमधून पूर्ण रिस्टोर करून घेतली होती, त्याच्या पावत्या, फोटो, सगळी फाइल होती. दुसऱ्या वर्षी तपासणी करणाऱ्यानं दाराखालच्या पट्टीवर टकटक केलं, जरा थांबला, पुन्हा केलं आणि मला म्हणाला, आवाज ऐका. पत्र्याचा आवाज नव्हताच तो, भरावाचा होता. घरी आणून रंग खरवडला तर वर नवीन पत्र्याचं कव्हर, त्याच्या आत गंजून जाळी झालेला जुना पत्रा, आणि अजून आत बोट घातलं तर मूठभर तांबडा भुगा. म्हणजे कोणीतरी गंज न काढता त्याच्यावर नवा पत्रा बसवला, वर पुट्टी, वर सुंदर लाल रंग, आणि गाडी तशीच विकली गेली. मला राग पैशांचा नाही आला तेवढा, त्या गाडीत मी बायको-मुलीला बसवून मोटरवेवर नेलं होतं त्याचा आला.

ज्यांनी एमजीबी खालून बघितली नाही त्यांना वाटेल की दाराखालची पट्टी गंजली तर काय एवढं. तर या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हीच चॅसी, आणि रोडस्टरला तर वर छपराचाही आधार नाही, त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बहुतेक काम दोन्ही बाजूंच्या त्या पोकळ पट्ट्या करतात, ज्यांना इथं सिल म्हणतात. सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा, आतला, मधला पडदा आणि कॅसल रेल नावाची खालची पट्टी असं सगळं वेल्ड करून केलेली ती पेटी असते. नीट करायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो, कारण बाहेरचा सिल त्यांच्या आत जातो. आणि कापायच्या आधी दाराच्या जागेत आडवा लोखंडी बार वेल्ड करून गाडी ताठ धरून ठेवायची, एका वेळी एकच बाजू उघडायची, दर थोड्या वेळानं दार लावून फट मोजायची. हे न करता दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधोमध बसते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. जुनी रोडस्टर बघायला गेलात तर रंग नंतर बघा, आधी दाराच्या मागच्या कडेची फट वरून खालपर्यंत बघा, वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर तिथंच कळतं.

माझ्या गाडीचे दोन्ही सिल दुसऱ्या एका म्हाताऱ्या वेल्डरनं केले, त्याला सात आठवडे लागले, शेजारी उभं राहून मी बघत होतो, आणि शेवटी त्यानं सगळ्या पोकळ्यांत मेण फवारलं, जे कारखान्यात कधी केलंच गेलं नव्हतं. ऍबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांच्या वर एमजीबी बनल्या, ऑक्टोबर १९८० ला कारखाना बंद झाला, आणि तेव्हा कोणाच्या मनातही नसेल की या गाड्या पन्नास-साठ वर्षं चालवायच्यात. तरी नशीब असं की पत्र्याचे मूळ साचे टिकले, ब्रिटिश मोटर हेरिटेजनं त्याच साच्यांवर १९८८ ला एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. त्यामुळे एमजीबीवाल्याला पत्रा मिळत नाही ही सबब नाही. ही सोय प्रत्येक जुन्या गाडीला नाही.

प्रत्येक गाडीचं दुखणंही वेगळं. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, लोक म्हणतात हिला गंजच नाही, पण बॉडीच्या खाली मधोमध स्टीलची चॅसी आहे ना, ती गंजते आणि वरून काहीही दिसत नाही. मॉर्गनच्या पत्र्याखाली ऍश लाकडाची चौकट असते, तिथं पाणी मुरलं की लाकूड कुजतं. ई-टाइपचे मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नसून आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीला, लागून आहेत, तिथं हात पोचत नाही म्हणून ते नीट करायला कित्येकदा मागचा सगळा सांगाडाच खाली उतरवावा लागतो, आणि ते काम एवढं मोठं म्हणून माणूस पुढं ढकलत राहतो.

ट्रायम्फ स्पिटफायरचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण यात चूक प्रेमापोटीच होते. तिच्या पुढच्या चाकांना खालच्या बाजूला पितळी धातूचा एक सांधा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात, त्याच्या आट्यांमध्ये स्टीलचा उभा दांडा फिरतो, स्टिअरिंग वळवलं की तो वळतो. तिथं घालायचं ते ईपी ९० हे घट्ट गिअर ऑइल, ग्रीस नाही. पण माणूस ग्रीस गन घेऊन खाली गेलेला असतो, निपल, म्हणजे वंगण भरायचं छोटं तोंड, दिसलं की दोन पंप मारतो, आणि त्याला वाटतं आपण गाडीची काळजी घेतली. ग्रीस त्या आट्यांत नीट पसरत नाही, सुकतं, मग पाणी शिरतं, दांड्याच्या आटीला गंज धरतो आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. नशीब चांगलं असेल तर पार्किंग करताना. याउलट माझ्या एमजीबीला पुढं दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल आहेत, तिथं ग्रीसच लागतं, तेही दर तीन हजार मैलांनी, आणि जॅकवर उचलून चाकावरचा भार काढून मारलं तर सगळीकडे पोचतं. हँडबुकमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे, गाडी घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी तेच वाचावं.

इंधनाचंही असंच. १ जानेवारी २००० पासून ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल सर्रास मिळायचं बंद झालं, आणि या जुन्या इंजिनांच्या बीडाच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, त्या शिशाच्या भरवशावर टिकत होती, ते गेलं की जोरात आणि लांब चालवलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतायला लागतो. उपाय म्हणजे हेड उघडलं की कडक सीट बसवून घ्यायच्या, तोवर पेट्रोलमध्ये ऍडिटिव्ह घालायचं. मग सप्टेंबर २०२१ ला साधं पेट्रोल ई१० झालं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुन्या रबरी नळ्या खातं आणि पाणी ओढून घेतं. मी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बदलल्या आणि सुपर ग्रेडचं ई५, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं, भरतो. पेट्रोलची नळी चिरून गरम एक्झॉस्टवर थेंब पडणं म्हणजे काय होईल ते सांगायला नको, आणि एमओटीवाला पेट्रोलची गळती बघतोच.

पार्टचं एक दुःख आहे ते लिहितो. वरून जुन्यासारखा दिसणारा नवा पार्ट जुन्यासारखा निघेलच असं नाही. माझा डिस्ट्रिब्युटरमधला नवा रोटर आर्म, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा फिरता तुकडा, अवघ्या काही महिन्यांत गेला, गाडी भर पावसात राउंडअबाउटवर बंद पडली, शेवटी डिकीत ठेवलेला तीस वर्षांचा जुना रोटर आर्म घातला आणि घरी आलो. तेव्हापासून चालू स्थितीतला काढलेला पार्ट मी टाकत नाही, पुसून, चिठ्ठी बांधून ठेवतो. दर सप्टेंबरला हॅम्पशायरमध्ये ब्यूलीला जुन्या पार्टचा मोठा बाजार भरतो, १९६७ पासून भरतोय, तिथं गंजक्या लोखंडाच्या ढिगात माणसं तास तास वाकून शोधत असतात, त्यांच्याशी बोललं की एका दिवसात वर्षभराचं शिकायला होतं. तिथंच मला एकानं सांगितलं की चाळीसच्या दशकातल्या एमजी टीसीच्या इंजिनाला आटे मेट्रिक पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, कारण मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीनं १९२३ ला कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला आणि तिथली यंत्रं मेट्रिक होती, ब्रिटिश मेकॅनिककडे पाने मात्र व्हिटवर्थचे. हे माहीत नसलेला माणूस हातात येईल तो बोल्ट जोर लावून पिळतो आणि आटे कायमचे जातात.

मला कोणी विचारलं की या गाडीत एवढं काय ठेवलंय तर मी कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, दाखवतो. एसयू कंपनीचे दोन आहेत, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं आधी एका तोंडाशी आणि मग दुसऱ्या तोंडाशी धरायचं आणि सूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन अगदी जरासा वर उचलायचा, इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी, किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. कॉम्प्युटर नाही, मीटर नाही, कान आणि दोन बोटं. माझी मुलगी हे अकराव्या वर्षी शिकली, आता तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. हे असं माणसाकडून माणसाकडे जायला हवं, आणि ते गाडी चालती असेल तरच जातं, गॅरेजमध्ये कापड घालून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक धरतात, गळती थांबवणारे रबरी सील सुकतात, टायरला वरून काहीच दिसत नाही आणि आतून तडे जातात.

म्हणूनच तपासणीचा आग्रह. एमओटीवाला या गाड्यांशी वाईट वागत नाही हो, जुन्या इंजिनाचा धूर तो नुसता डोळ्यांनी बघतो, आजच्या गाडीचे निकष लावत नाही. पण तो गाडी उचलतो, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचा प्रत्येक सांधा हलवून बघतो, ब्रेक रोलरवर मोजतो, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथं बसवलेत त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजलाय का बघतो. मालकाच्या डोळ्याला जे रोज बघून दिसेनासं होतं ते त्या परक्या माणसाला पाऊण तासात दिसतं. माझे सिल त्यालाच सापडले, मला नाही.

तर साहेब, एवढी विनंती की पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापा, की सूट तपासणीतून आहे, जबाबदारीतून नाही, आणि एमओटी आपणहून करून घेता येते. तुमचे बरेच वाचक इकडे राहतात, त्यातले काही जण अशी गाडी घ्यायच्या विचारात असतील आणि त्यांनी तुमचा लेख कापून ठेवला असेल.

माझ्या एमओटीची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक सिलेंडर पाझरतोय, ड्रमच्या आत ओल दिसली, म्हणून या शनिवारी तो बदलून, ब्लीड करून, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, सगळं फ्लुइड नवीन भरायचंय.

आपला,
ऑक्सफर्डशायरमधला एक वाचक