नाव न सांगता हात देणाऱ्यांचे आभार

घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी जाऊन वर्ष उलटलं, अशा सांगली-मिरज-कुपवाडच्या घरांकडून हे चार शब्द.

पहिले आभार पीएफची कामं फुकट करून देणाऱ्या निवृत्त अकाउंटंट काकांचे. पैसे अडकतात ते बहुतेक दोन कारणांनी: आधारवरचं आणि पीएफ खात्यातलं नाव जुळत नाही, किंवा कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. शेवटचा हप्ता जमा झाल्याला दोन महिने झाले की ती तारीख सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते. हे ठाऊक नसल्याने माणसं जुन्या कंपनीचे उंबरठे झिजवत राहतात. नोकरीची सलग पाच वर्षं भरण्याआधी काढलेल्या पैशावर कर लागू शकतो, तेव्हा गरजेपुरतेच काढा, हेही काकाच बजावतात.

बँकेतल्या ताईंचे आभार. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधीच या, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का पाहू, असं त्या सांगतात. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्जांत, जातं आणि त्यांचेही हात बांधले जातात. आपण मात्र लाजेपोटी नेमके तेव्हाच पोचतो.

भिशीतला आपला नंबर मागे घेणाऱ्या वहिनी, वही न दाखवणारे किराणावाले, यांचेही.

आणि एमआयडीसीतल्या जागेची खबर देताना शिफ्ट, पगार आणि कुणाला भेटायचं हे तिन्ही सांगणाऱ्यांचे. नुसतं 'बघतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात.