विषय: उबुंटू काढायला सांगून लॅपटॉप अडकवला, वर ५९० रुपये घेतले

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी इचलकरंजीत जीएसटी रिटर्न भरायचं काम करते, बहुतेक क्लायंट यंत्रमागवाले, आणि तुमचा लॅपटॉप तीन वर्षं झाली वापरतेय. मशीनबद्दल काही म्हणणं नाही, चांगलं आहे. तक्रार आहे ती १८ तारखेला तुमच्या हेल्पलाइनवाल्याने जे सांगितलं त्याची आणि मग सर्व्हिस सेंटरला जे झालं त्याची. १८ तारीख मुद्दाम लिहितेय, कारण २० ला थ्रीबी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची तारीख असते आणि माझे अजून अकरा जण बाकी होते.

भाच्याने इंजिनिअरिंगला असताना यात विंडोजच्या शेजारी उबुंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सवर चालणारी दुसरी सिस्टिम) टाकलं होतं. आता तो पुण्यात नोकरीला लागला, स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि ते उबुंटू इथे तसंच पडून. ५१२ ची एसएसडी, विंडोज दाखवतं ४७६ जीबी, त्यातले १२० त्या उबुंटूने अडवलेले आणि इकडे माझा सी ड्राइव्ह लालेलाल, साडेतीन जीबी शिल्लक. म्हणून फोन केला, सरळ विचारलं की हे नीट काढून जागा परत कशी मिळवायची. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम दोन मिनिटांचं काम आहे, डिस्क मॅनेजमेंट उघडा, ज्या पार्टिशनला नाव नाही, अक्षर नाही, ते राइट क्लिक करून डिलीट करा, मग सी एक्स्टेंड होईल." त्यात काही ठेवलंय का, बॅकअप घेतलाय का, बिटलॉकरची (विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची) की जवळ आहे का, चकार शब्द नाही. विंडोजला लिनक्सच्या फायली वाचताच येत नाहीत, मग आत काय आहे ते मला दिसणार कुठून? भाच्याने त्याचं सगळं आधीच पेनड्राइव्हवर घेतलं होतं म्हणून वाचलो.

डिलीट केलं. राइट क्लिकमध्ये सी चं एक्स्टेंड व्हॉल्यूम करडं, क्लिकच होईना. तर म्हणाला "रिस्टार्ट करा, होईल." रिस्टार्ट केलं आणि काळा पडदा, वर इंग्रजीत दोन ओळी, खाली "ग्रब" आणि त्यापुढे कर्सर लुकलुकतोय. बस्स. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला हे हार्डवेअरमध्ये जातं, सेंटरला न्या. आणि फोन ठेवला!

सेंटरला काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागेल, २,३६० रुपये, डेटाची गॅरंटी नाही. मी नको म्हटलं. तर तपासणीचे ५०० अधिक जीएसटी म्हणून ५९० कापले (आणि जीएसटीचा हिशोब मलाच समजावून सांगितला, असो) आणि जॉबशीटवर लिहिलं "एसएसडी फेल्युअर". टेस्ट केल्याचा एक कागद नाही.

रात्री साडेदहाला भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला आत्या घाबरू नकोस, विंडोज जागेवर आहे, चालू करताना एफ१२ दाबत राहा. यादी आली, त्यात "विंडोज बूट मॅनेजर" निवडलं, तर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मोबाइलवर सापडली, सहा-सहा आकडे वाचत घातले, आणि विंडोज उघडलं. सगळं शाबूत. हेच तुमचे लोक २,३६० मध्ये पुसून देणार होते.

काळ्या पडद्याचं कारण एवढंच की लॅपटॉप चालू झाला की आधी "उबुंटू" नावाची नोंद शोधतो, तिथून ग्रब (विंडोज की उबुंटू ते विचारणारा उबुंटूचा छोटा प्रोग्रॅम) सुरू होतं, ते बसलंय ईएफआय पार्टिशनमध्ये (लॅपटॉप चालू करायच्या फायलींचा छोटा कप्पा), पण त्याचा मेनू ठेवलेला लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. म्हणजे घर पाडलं पण दारावरची पाटी तशीच, पोस्टमन येऊन उभा. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणायचा, विंडोज स्वतःहून चालू होतंय ना ते बघायचं आणि मगच लिनक्सला हात लावायचा, क्रम फक्त एवढाच उलटा झाला. ते भाच्याने त्या रात्री करून घेतलं. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कपार्ट या विंडोजच्याच कमांडने त्या २६० एमबीच्या ईएफआय पार्टिशनला एस अक्षर देऊन आतलं फक्त "उबुंटू" फोल्डर उडवलं, मायक्रोसॉफ्टचं आणि बूटचं फोल्डर अजिबात हलवायचं नाही म्हणून त्याने तीनदा बजावलं. बायोसमधली उबुंटूची जुनी नोंद बीसीडीएडिट या दुसऱ्या कमांडने काढली. साडेपाच तासांचं घड्याळाचं लफडंही गेलं, उबुंटूत जाऊन आलं की विंडोजची वेळ तेवढी मागे जायची, मी तीन वर्षं ते सेल गेलाय समजत होते.

आणि सी चं काय? भाच्याने उबुंटूसाठी जागा डी मधून कापली होती, त्यामुळे मोकळे १२० जीबी डी च्या उजवीकडे होते, सी ला चिकटून नव्हतेच. विंडोजचं एक्स्टेंड लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच चालतं. तुमच्या माणसाने डिस्कचं चित्र मला एकदा वाचायला लावलं असतं तरी कळलं असतं. मी ती जागा डी ला जोडली आणि क्लायंटची फोल्डरं तिकडे हलवली, सी ला आता ५८ जीबी मोकळे आहेत.

१९ ला दिवसभर बसून अकरा रिटर्न भरले, कुणाला लेट फी लागली नाही, म्हणून भरपाई मागत नाही. पण ५९० रुपये परत हवेत. जॉबशीटवरचं "एसएसडी फेल्युअर" खोडून लेखी दुरुस्ती द्या, माझी वॉरंटी अजून आठ महिने आहे आणि उद्या खरंच काही झालं तर तोच कागद माझ्यापुढे नाचवाल. आणि हेल्पलाइनवाल्यांना निदान बॅकअप, बिटलॉकर की आणि बूटचा क्रम या तीन गोष्टी विचारल्याशिवाय कुणाला डिलीट दाबायला सांगू नका म्हणावं, त्यांना समोरचा पडदा दिसत नसतो.

उत्तर सात दिवसांत ईमेलवर द्या, फोन नको. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. पावती, जॉबशीट आणि त्या काळ्या पडद्याचा फोटो सोबत जोडलाय.

आपली ग्राहक