दोन्हीकडे सुलट अक्षरं असलेली स्पीडी अस्सल कशी?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘तपासलेली, अस्सल’ म्हणून विकलेली लुई व्हिताँ स्पीडी ३० बॅग नकली निघाल्याबाबत व ६१,५०० रुपये परत मिळण्याबाबत

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सहाव्यांदा बोलले. आता फोन करणार नाही, जे आहे ते लेखी देते.

१२ जानेवारीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या ऐन गर्दीत, पार्सल घरी आलं. बॅग बाहेर काढली, पुढून बघितली, फिरवून मागून बघितली आणि पोटात गोळा आला. पुढे कॅनव्हासवर छापलेली एल-व्ही ही कंपनीची अक्षरं सुलट, मागेही सुलट. तुम्ही रोज याच मालाची खरेदी-विक्री करता, तेव्हा हे मी तुम्हाला सांगायची वेळ यायला नको होती. मोनोग्राम, म्हणजे एल-व्हीच्या नक्षीच्या, स्पीडीचं अंग कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्याचं असतं. तो पुढून खाली उतरतो, तळाखालून जातो आणि मागे वर चढतो. तळाला शिवण नसते. त्यामुळे पुढची अक्षरं सुलट, तर मागची उलटी येणारच. मला आलेल्या बॅगेच्या तळाला बरोबर मध्यावर शिवण आहे, वर चामड्याची पट्टी मारून झाकलेली. नखाने पट्टी जरा उचलली की दोन तुकड्यांच्या कडा दिसतात.

मी २२ वर्षं शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग बघते. खिशाच्या चेक्स छातीच्या चेक्सवर बसल्या नाहीत तर आमचा अख्खा लॉट परत येतो. वडील सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्ड मागावर चादरी विणायचे. गिऱ्हाईक आलं की मयूरपंखाची चादर स्वतःच उलटून दाखवायचे. नक्षी तीच, रंग तेवढे अदलाबदल झालेले. मागची बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका, असं बजावायचे, कारण पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवला जायचा आणि बदनामी इथल्या विणकराची व्हायची. अस्सल-नकलीचं दुःख आमच्या घराला नवीन नाही.

ही बॅग मला हवी होती तीही त्या एकाच सलग तुकड्याच्या कापणीसाठीच. नवी घेण्याची ऐपत नाही, म्हणून वापरलेली घेतली, दोन वर्षं पैसे बाजूला टाकून. जॉर्ज व्हिताँ यांनी १८९६ साली वडील लुई यांची आद्याक्षरं घेऊन ही एल-व्हीची नक्षी तयार केली, तीही नकला थांबाव्यात म्हणून. तिचीच नक्कल तुम्ही मला प्रमाणपत्रासह विकलीत.

तुमच्या जाहिरातीत सहा फोटो होते. पुढची बाजू, एक कड, हँडल, चेन, आतला भाग, चामड्यावरचा ठसा. मागच्या बाजूचा एकही नाही. पैसे भरण्याआधी मी चॅटवर तो मागितला होता. उत्तर आलं, “दोन्ही बाजू सारख्याच आहेत.” मला वाटलं, डाग-ओरखड्यांबद्दल बोलताहेत. तो चॅट माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

आता १९ तारखेच्या फोनबद्दल. बाकीचे पाच फोन मी विसरेन, हा विसरणार नाही. मी सगळं सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, अक्षरं उलटी असती तर ती डुप्लिकेट असती. तुम्हाला उलट चांगला पीस मिळालाय.” मी म्हटलं, “दादा, समोर एखादा छापील कागद आहे का? छपाई बाहेर ठेवून तो झोळीसारखा धरा. पुढून वाचा, मग मागून वाचा.” पलीकडे कागदाचा आवाज झाला. त्याने खरंच धरून बघितला असावा, कारण बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, सीनियरना विचारतो. अकरा मिनिटं मी फोन कानाला लावून जिन्यात उभी होते, कारखान्यातली जेवणाची सुट्टी संपत आली होती. तो परत आला आणि म्हणाला, “मॅडम, सोलापूरला हे ब्रँड फारसे बघायला मिळत नसतील ना, म्हणून तुम्हाला शंका येत असेल. आमच्याकडे एक्स्पर्ट आहेत.”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कागद धरून बघितल्यावर त्या मुलाला कळलं होतं, मी बरोबर बोलतेय म्हणून. तरी त्याच्या तोंडी हे वाक्य कोणी घातलं? सोलापुरात राहून मला सरळ आणि उलटं कळत नाही, असं तुमच्या सीनियरना वाटतं का? त्यांनी मला स्वतः फोन करून हे बोलून दाखवावं.

तुमच्या एक्स्पर्टनी आणखी काय काय पाहिलं नाही, तेही लिहिते. आतल्या खिशाजवळच्या पट्टीवर कोड आहे एसपी ७१२२. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा आणि चौथा वर्षाचा. म्हणजे ही बॅग २०१२ सालच्या ७२ व्या आठवड्यात बनली. वर्षाला आठवडे ५२ असतात. हँडलचं चामडं या बॅगांना रंग न देता लावतात, ते ऊन आणि हात लागून हळूहळू मधासारखं होतं, कोल्हापुरी चप्पल वापरून गडद होते तसं. इथे हँडलच्या दुमडीच्या आतही तोच एकसारखा तपकिरी रंग, आणि ओल्या टॉवेलने पुसल्यावर पांढऱ्या टॉवेलवर उतरलेला. टॉवेलचा फोटो सोबत आहे.

तुम्ही म्हणता, परत करण्याची तीन दिवसांची मुदत संपली. मी १२ तारखेला रात्री ९.४० ला चौदा फोटोंसह मेल केला आहे. तुम्ही पोच दिलीत १६ तारखेला आणि मुदत तिथून मोजलीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. उशीर तुम्ही करायचा आणि मुदत माझी संपवायची, हे चालणार नाही.

पूर्ण ६१,५०० रुपये सात दिवसांत खात्यावर जमा करा. बॅग तुमच्या खर्चाने घेऊन जा, पण ती दुसऱ्या कोणाला विकणार नाही असं लेखी द्या. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने मागची बाजू आणि तळ पाहिला होता का, याचं उत्तरही लेखीच हवं. नाहीतर मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. चॅट, फोटो, कोड आणि प्रत्येक फोनची तारीख-वेळ वहीत लिहिलेली आहे.

तुमच्या साइटवर आज सकाळी आणखी चार स्पीडी विकायला होत्या. चारही जाहिरातींत मागच्या बाजूचा फोटो नाही. तो आजच टाका.

आपली ग्राहक,
सोलापूर