मंदारला, लिंक्डइनबद्दल

विलेपार्ले, मुंबई
रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

चौदा वर्षांनी नोकरी बदलायचं मनावर घेतलंस आणि लिंक्डइनवर खातं उघडलंस, हे फार बरं केलंस. "आता पुढे काय करू?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रोफाइलला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये जा. 'व्हिजिबिलिटी'खाली प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचे की नाही, असा पर्याय आहे. तो बंद कर. नाहीतर तू अनुभवाची माहिती नीट भरायला बसशील आणि तुझ्या साहेबांना त्याची वर्दी जाईल. तसंच 'ओपन टू वर्क'चं, म्हणजे नोकरी शोधतोय हे दाखवणाऱ्या खुणेचं. फोटोभोवती हिरवं कडं येतं ते सगळ्या जगाला दिसतं. तुझ्यासाठी 'फक्त रिक्रूटर्सना (भरती करणाऱ्यांना) दिसेल' हा पर्याय बरा. त्यात तुझ्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ही गोष्ट लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही, हे लक्षात ठेव.

फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट जोडायला सांगेल, तिथे 'नाही' म्हण. तुझ्या यादीत गॅसवाला, मुलाच्या शाळेची बस, डेंटिस्ट, सगळे असणार. त्यांना निमंत्रणं गेली तर ओशाळं व्हायला होतं. अशा निमंत्रणांच्या पाठोपाठ आपोआप जाणाऱ्या आठवणीच्या ईमेलवरून अमेरिकेत लिंक्डइनवर खटला झाला होता, आणि २०१५ साली १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, पण सर्चमध्ये आणि फोनवर त्यातला सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून 'मेहनती, रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल' असलं काही लिहू नकोस. त्या शब्दांनी कोणी माणूस शोधत नाही. 'पॅकेजिंग मटेरियल पर्चेस, फार्मा, १४ वर्षे, सॅप एमएम, मुंबई' एवढं पुरे; 'सॅप एमएम' हे खरेदी-साठ्याचं सॉफ्टवेअर येतं, हेही त्यात आलं. अनुभवात मात्र जपून लिही. पर्चेसच्या माणसाला बचतीचे आकडे मिरवायचा मोह होतो, पण व्हेंडरचं नाव, रेट, कंपनीची एकूण खरेदी या गोष्टी तुझ्या मालकीच्या नाहीत. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर ते वाचून त्याच्या मनात पहिली शंका हीच येईल, की उद्या हा आमचेही रेट बाहेर सांगेल. टक्क्यांत लिही, आणि बचत कशाने झाली ते लिही: कार्टनचे साइझ कमी केले, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) घटवला, दुसरा व्हेंडर तयार केला.

आता खरा मुद्दा, माणसांचा. तू अनोळखी एचआर हेडना धडाधड निमंत्रणं पाठवायला निघाला आहेस, ते थांबव. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं, की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते. कारण साधं आहे. तुला आणि मला जे ठाऊक असतं ते जवळपास सारखंच असतं. आठ वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेला क्यूएचा (क्वालिटी अॅश्युरन्सचा) माणूस वेगळ्याच वर्तुळात वावरत असतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत फक्त अशी माणसं शोध: जुने सहकारी, कॉलेजची बॅच, व्हेंडरकडचे सेल्सवाले. व्हेंडरना मात्र नोकरीचं विचारू नकोस. तुझ्या हातात त्यांच्या ऑर्डरी आहेत, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येणार नाही, आणि बातमीही फुटेल.

अनोळखी माणसाला जोडायचंच असेल तर निमंत्रणासोबत चिठ्ठी दे. फुकटच्या खात्याला साधारण २०० अक्षरं मिळतात, आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच देता येतात, म्हणून त्या जपून वापर. निमंत्रण पडून राहिलं तर चिडून मागे घेऊ नकोस. मागे घेतलं की त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. कित्येकदा नुसतं 'फॉलो' करणंच योग्य असतं.

मेसेजवर मात्र वेळ घालव. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे 'हाय सर' एवढंच लिहून गप्प बसायचं. समोरच्याने 'हॅलो' म्हणायचं, मग 'हाऊ आर यू', मग 'एक काम होतं'. काम कळेपर्यंत त्याचे तीन मेसेज खर्च झालेले असतात. तो तुझा मेसेज ठाणे ते घाटकोपरच्या दरम्यान, एका हाताने कडी धरून वाचतोय असं समज. नोटिफिकेशनमध्ये दिसतात त्या पहिल्या दोन ओळींत 'कोण' आणि 'कशासाठी' आलंच पाहिजे. साधारण असं लिही:

"कुलकर्णी सर, नमस्कार. मी मंदार. २०१६ साली तुम्ही सोडेपर्यंत आपण अंधेरी एमआयडीसीला एकत्र होतो; तुम्ही क्यूएला, मी पर्चेसला. तुमच्याकडे पॅकेजिंग पर्चेसची जागा निघाल्याचं वाचलं. ती महापेच्या प्लँटसाठी आहे की हेड ऑफिससाठी, एवढंच विचारायचं होतं. सवडीने कळवलंत तरी चालेल."

बघ, यात नोकरी मागितलेली नाही. उभ्या उभ्या एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. आणि तो प्रश्न खरा आहे, कारण तुला कांदिवलीहून महापेचा प्लँट गाठायचा की लोअर परळचं हेड ऑफिस, यावर तुझा निर्णय अवलंबून आहे. उत्तर आलं की "तू बघतोयस का?" हे बहुतेकदा तेच विचारतात. नाही विचारलं तर दुसऱ्या मेसेजमध्ये तू सरळ सांग. आडवळणं नकोत. मराठी माणसाला मराठीत लिहिलंस तर जवळीक वाटते, पण तो कायम इंग्रजीतच लिहीत असेल तर पहिला मेसेज इंग्रजीत पाठव. 'डियर' नको, नावापुढे साधं 'सर' किंवा 'मॅडम' पुरे.

रेफरल, म्हणजे ओळखीच्याने त्याच्या कंपनीत तुझं नाव सुचवणं, मागशील तेव्हा आधी स्वतः अर्ज करू नकोस. पुष्कळ कंपन्यांत एकदा तुझं नाव सिस्टीममध्ये थेट चढलं की नंतरचा रेफरल धरत नाहीत, आणि रेफर करणाऱ्याचा बोनसही जातो. त्याला एकाच मेसेजमध्ये सगळं दे: जागेचा जॉब आयडी, पीडीएफ रेझ्युमे (फाइलला 'फायनल न्यू २' नाही, तुझं नाव आणि 'पर्चेस'), आणि तुझ्याबद्दल तीन ओळी, त्याही तृतीयपुरुषी, म्हणजे त्याला तशाच चिकटवता येतील. सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पीरियड आणि कुठपर्यंत प्रवास जमेल, हेही लिही; एचआर पहिल्या फोनवर हेच विचारते. नोटीसचे दिवस अंदाजाने सांगू नकोस, अपॉइंटमेंट लेटर काढून बघ.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण कर, त्याच मेसेजखाली. नुसती प्रश्नचिन्हं पाठवू नकोस. दुसऱ्यांदाही शांतता असेल तर विषय सोड, व्हॉट्सअॅपवर गाठायला जाऊ नकोस. तो नंबर त्याने तुला या कामासाठी दिलेला नाही.

आणि काय झालं ते परत कळव. याबाबत मी फार आग्रही आहे. ज्याने तुझं नाव पुढे केलं त्याला इंटरव्ह्यू झाला की नाही हे त्याच्या एचआरकडून कळावं, हे बरं नाही. जागा गेली तरी दोन ओळी लिही. तुझ्या हाती उलट एखादी जागा आली आणि ती तुझ्या कामाची नसली, तर ती त्याला किंवा त्याच्या माणसाला पाठव.

पोस्टखाली 'इंटरेस्टेड' लिहिण्यात अर्थ नाही. पोस्टमध्ये ईमेल पाठवा म्हटलं असेल तर ईमेलच पाठव. 'सीएफबीआर' ('कमेंटिंग फॉर बेटर रीच', म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून कमेंट) लिहीत फिरू नकोस, तुझ्या नेटवर्कची फीड त्याने भरते. कमेंट करायचीच तर आपल्या कामातलं कर: फॉइलचे भाव का चढले, छपाईची प्लेट बदलायला किती दिवस जातात. आठवड्यातून दोन पुष्कळ.

नोकरीसाठी कोणी रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं किंवा बोलणं टेलिग्रामवर न्यायला लागला तर तिथेच थांब. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तुझी नावाखालची ओळ आणि पहिल्या दहा जुन्या सहकाऱ्यांची यादी बुधवारपर्यंत मला पाठव. कुलकर्णी सरांना पाठवण्याआधी मेसेजही दाखव, मी त्याच दिवशी वाचून परत देतो.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
सतीश