फिनिक्सची गाडी आणि काकांची कंपनी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, काल फोनवर बोलता बोलता तुमच्याकडची लाइट गेली अन् वायफाय पण गेलं, म्हणून लिहूनच पाठवून राहिली, आईला वाचून दाखवा. विषय तोच, तुम्ही अमेरिकेत आले की ग्रँड कॅनियन पाहायला जी गाडी भाड्यानं घ्यायची आहे, तिचा. तुमचं म्हणणं की समोरच्या काकांच्या मुलानं ज्या कंपनीची गाडी घेतली होती तीच मी घ्यावी, त्यांना एकदम फर्स्ट क्लास सर्व्हिस भेटली. भेटली असेल, मी कुठे नाही म्हणते. पण त्यांना भेटली सॅन फ्रान्सिस्कोला अन् आपण उतरणार फिनिक्सला. इथे नुसतं कंपनीचं नाव पाहून काही कळत नाही, कोणत्या एअरपोर्टवरचं ऑफिस आहे ते पाहावं लागते. एकाच बँकेच्या सीताबर्डीच्या अन् प्रतापनगरच्या शाखेत किती फरक आहे हे पेन्शनच्या वेळेस तुम्हीच ऐकवता ना, तसंच आहे हे.

काहून असं, तर काही ठिकाणी ऑफिस खुद्द कंपनीचं असते अन् काही ठिकाणी तिथल्याच कोणीतरी नाव घेऊन चालवायला घेतलेलं, म्हणजे फ्रँचायझी. बोर्ड तोच, रंग तोच, पण रात्रीच्या फ्लाइटला काउंटरवर किती माणसं ठेवायची, गाड्या किती जुन्या होऊ द्यायच्या, हे तो मालक ठरवते. वरून काउंटरवरच्या पोराला बऱ्याच ठिकाणी इन्शुरन्स अन् मोठी गाडी गळ्यात मारली की कमिशन भेटते, मग तो काय सुचू देते तुम्हाला!

आणि नावं ढीगभर दिसतात पण त्यांच्या मागची घरं, म्हणजे मालक कंपन्या, मोठ्या तीनच. एंटरप्राइज, नॅशनल, अलामो हे एका घरचे. हर्ट्झ, डॉलर, थ्रिफ्टी दुसऱ्या. एव्हिस आणि बजेट तिसऱ्या. एका घरातल्या गाड्या पुष्कळदा त्याच, फरक रेटमध्ये अन् रांगेत. मागे एका एअरपोर्टवर रात्री बाराला मी लाइनीत उभी, पुढे लेकरंबाळं, बॅगा, एकच माणूस काउंटरला, अन् बाजूलाच त्याच घरच्या दुसऱ्या कंपनीचा काउंटर रिकामा, तिथला माणूस आरामात मोबाइल पाहत बसलेला. मी विचारलं, तर म्हणे तुमचं बुकिंग तिकडचं आहे. माझी बारी आली तोपर्यंत बुक केलेली गाडी संपली होती. कन्फर्मेशनवर गाडीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' लिहिलेलं असते ना, त्या तत्सममध्ये काहीही बसते.

म्हणून यावेळेस नॅशनलची गाडी केली आहे. काकांच्या कंपनीपेक्षा थोडी महाग पडली, पण त्यांची मेंबरशिप फुकट आहे अन् मोठ्या एअरपोर्टवर मेंबरला काउंटरवर जावंच लागत नाही. मिडसाइज, म्हणजे मधल्या आकाराची गाडी बुक करायची, सरळ पार्किंगमध्ये त्यांच्या रांगेत जायचं, उभ्या असलेल्यांपैकी आवडेल ती गाडी घ्यायची, फक्त बाहेर पडताना गेटवर लायसन्स दाखवायचं. आईला पसंत करू देऊ, बसायला उंच अन् चढायला सोपी कोणती ते तिचे गुडघेच सांगतील.

गुडघ्यांमुळेच फिनिक्स घेतलं खरं तर. लास वेगासची तिकिटं स्वस्त होती, पण तिथे भाड्याच्या सगळ्या गाड्या टर्मिनलपासून दूर एका इमारतीत, अन् तिथवर बसनं जायचं, म्हणजे बॅगा चढवा, उतरवा, उभं राहा. डेन्व्हरला तर प्रत्येक कंपनीची आपली वेगळी बस, आपापल्या यार्डात नेऊन सोडते. फिनिक्सलाही आधी बसच होती, डिसेंबर २०२२ पासून एअरपोर्टची फुकटची ट्रेन थेट भाड्याच्या गाड्यांच्या इमारतीपर्यंत जाते. ट्रॉली ढकलत आत, ट्रॉली ढकलत बाहेर. तिथून ग्रँड कॅनियन साधारण ३७० किलोमीटर, मधे जेवायला थांबत जाऊ.

बिल पाहून ओरडू नका बाबा. एअरपोर्टवरून गाडी घेतली की भाड्यावर एअरपोर्टचा वाटा वेगळा, त्या इमारतीचा दिवसाचा चार्ज वेगळा, अन् फिनिक्सच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच, तर भाड्याच्या गाडीवरच्या सरचार्जमधून फुटबॉलच्या स्टेडियमला पैसे जातात! पाहुण्यांच्या खिशातून गावचं स्टेडियम, काय डोकं आहे. शहरातल्या ऑफिसातून घेतली तर स्वस्त पडते, पण ते रविवारी पुष्कळदा बंद असतात अन् आपण रविवारीच उतरून राहिलो.

आई, कोणी इन्शुरन्स घ्या म्हणून मागे लागलं की 'घेऊन घे ना, एवढा म्हणून राहिला बिचारा' असं म्हणू नको बरं. माझ्या गाडीची पॉलिसी अन् क्रेडिट कार्ड मिळून त्याचं भागते, मी दोन्हीकडे फोन करून विचारलं आहे. मी मात्र निघण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढणार, चारही चाकांच्या रिमा, समोरची काच, बंपरच्या खालची बाजू, मग आत बसून पेट्रोलचा काटा अन् किलोमीटर. परत देताना पण तसाच. जुना ओरखडा आपल्या नावावर लागला की महिन्यानंतर ईमेल येते अन् मग भांडत बसा. तेव्हा 'चल ना लवकर' करू नका दोघंही.

अन् बाबा, गिरीपेठच्या आरटीओत हजार रुपये भरून इंटरनॅशनल परमिट काढतो म्हणता, तर काढा, हौस आहे तर. पण स्टिअरिंग डावीकडे, गाड्या उजवीकडून, अन् दुसऱ्या ड्रायव्हरचे बहुतेक ठिकाणी रोजचे वेगळे पैसे. रिकाम्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारू देईन, हायवेवर नाही.

आता बॅगा किती अन् केवढ्या ते नक्की कळवा, कारण दोन मोठ्यांच्या वर गेल्या तर मिडसाइजच्या डिकीत मावणार नाहीत, मला आत्ताच एसयूव्हीचं बुकिंग करावं लागेल. सध्याचं बुकिंग पैसे न भरता केलेलं आहे, फुकट कॅन्सल होते, रेट उतरला की मी बदलतच असते. पापड, सांडगे आणायचेच असतील तर आईनं त्यांची वेगळी तिसरी बॅग करू नये एवढंच.

तुमची,
सोनू