मिरकरवाड्याच्या काकांना, कॉइलबद्दल

काका, सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेईनात, म्हणून आभार तरी चारचौघांत मानतो. घरी विमानाचं इंजिन जुळवणाऱ्या आणखी कुणाच्या हे वाचनात आलं, तर त्याचंही काम होईल.

माझं इंजिन बीटल गाडीचं, चार सिलिंडरचं, एअर-कूल्ड. सध्या स्टँडवरच आहे. मॅग्नेटोऐवजी (स्वतःच वीज तयार करून ठिणगी देणारं जुनं यंत्र) इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं ठरलं होतं, पण प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल कोणती घ्यायची इथे घोडं अडलं. जो तो म्हणे, सगळ्यात जोरदार ठिणगीची घे. तुम्ही हातातलं होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं काम बाजूला ठेवून एवढंच विचारलंत, "डबा कुठचा हाय?" डबा म्हणजे कॉइल चालवणारं मॉड्यूल.

सीडीआयचा (कंडेन्सरवर चालणाऱ्या इग्निशनचा) डबा कंडेन्सरमधले काहीशे व्होल्ट एका झटक्यात कॉइलमध्ये सोडतो. कॉइल फक्त व्होल्टेज वाढवते. माझ्या मॉड्यूलमध्ये कॉइलनेच आधी बॅटरीचा करंट घेऊन ऊर्जा साठवायची आणि करंट तुटला की ठिणगी द्यायची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या फळीवर सीडीआयच्या कॉइलींची रास होती, एखादी सहज गळ्यात मारता आली असती. तुम्ही त्यांना हातही लावला नाहीत.

मग मीटर काढलात. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरींचाच रोध पाहिलात आणि तो वजा केलात, कारण कॉइलच्या बॅटरीकडच्या गुंडाळीचा रोध मोजायचा होता, जेमतेम अर्धा ओहम. सी.बी. पॉइंटच्या (उघडझाप होऊन करंट तोडणाऱ्या संपर्काच्या) जुन्या कॉइलला साधारण ३ ओहम असतात, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. अर्ध्या ओहमला तोच हिशेब २४ अँपिअरवर जातो! वेळेवर करंट तोडणारं मॉड्यूल नसेल, किंवा इंजिन बंद असताना स्विच चालू राहून मॉड्यूलने करंट तोडला नाही, तर कॉइल भाजलीच समजा. दोन तोंडांच्या कॉइलची हाय-टेन्शनची बाजू बॉडीशी न मोजता दोन तोंडांमध्ये मोजायची, हेही तिथेच पाहिलं. बॉडीशी मोजून चांगली कॉइल मेली म्हणून फेकणारे कमी नसावेत.

अशी एक कॉइल दोन प्लग पेटवते, एक कॉम्प्रेशनवर आणि दुसरा एग्झॉस्टवर, म्हणजे दर फेऱ्याला एक ठिणगी. ३००० आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये २० मिलिसेकंद मिळतात आणि कॉइल भरायला ३-४ पुरतात. रेसिंगच्या कॉइलचा सोस त्याच मिनिटाला सुटला. विमानाचं इंजिन एकाच वेगावर तासन्‌तास चालतं, तेव्हा खरी काळजी उष्णतेची. एग्झॉस्टपासून लांब, वारा लागेल अशी जागा तुम्हीच दाखवलीत. टर्मिनलला घट्ट रबरी टोपी हवी, हा आग्रहही तुमचाच. आपल्या खाऱ्या हवेत तांबं किती लवकर हिरवं पडतं ते बंदरावरच्या माणसाला काय सांगायचं!

रेडिओत खरखर नको म्हणून रेझिस्टर प्लग आणि तशाच वायरी घेतल्यात. दोन कॉइली बसल्या आहेत. प्रत्येक सिलिंडरच्या दुसऱ्या प्लगसाठी वेगळं मॉड्यूल, वेगळ्या कॉइली आणि वेगळी बॅटरी हे काम बाकी आहे, आणि त्याशिवाय हे इंजिन स्टँडवरून उतरणार नाही.

त्या कॉइली आणल्या की मीटरसकट तुम्हाला घरी न्यायला येतो. चहाला नाही म्हणायचं नाही.

आपला,
नाचण्याचा इंजिनवाला