उकार

प्रिय विन्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, तरी वाच. तब्येत नेहमीची. मंगळ-गुरु-शनि डायलिसिसचं मशीन, 4-4 तास, 7वं वर्ष.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी साडेतीन किलो पाणी काढावं लागलं. आदल्या दिवशी लग्नात जेवलो, वर ताक प्यालो. शेवटच्या तासाला बीपी 80 वर आलं. पाय वर उचलून सलाइन दिलं, घरी आलो. रविवारी सकाळी पेपर उघडला, तर उजव्या डोळ्याला मथळा दिसतोय, खालची बातमी नाही! दुखत नव्हतं, लालही नव्हता. मंगळवारपर्यंत घरी कुणाला बोललो नाही, ते फार चुकलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बीपी घसरलं तेव्हा डोळ्यामागच्या नसेला रक्त पुरलं नाही. गेलेली नजर परत आणणारं खात्रीचं औषध नाही. अरे, मला साखर नाही म्हणून डोळे कधी दाखवलेच नव्हते! शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या डोळ्यात साखरेपायी रक्त उतरलं, तेव्हा वाटलं होतं, आपण या फेऱ्यातून सुटलो.

हे तुलाच लिहितोय, कारण उजव्या डोळ्याने वाचताना अक्षरांचे उकार जातात. मात्रा, वेलांट्या, रफार जागच्या जागी, पायातलं तेवढं गायब. मुद्रितं तपासताना 'सूतपुत्र', म्हणजे सारथ्याचा मुलगा, याच्या जागी तू 'सुतपुत्र', म्हणजे मुलाचा मुलगा, तसाच सोडलास, तेव्हा ‘कर्णाला कुणाचा नातू केलास?’ म्हणून मी सगळ्यांदेखत ओरडलो होतो. दोन दिवस तू चहाला आला नाहीस. परवा ते शब्द मोठ्या अक्षरात लिहून पाहिले. सुत काय, सूत काय, उजव्याला दोन्ही 'सत'.

आता जीव सगळा डाव्यात अडकलाय. त्यालाही हे होऊ शकतं म्हणतात. दोन वारांमध्ये वजन 2 किलोच्या वर चढू देत नाही, पाणी मोजून पितो. मशीनच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मशीनचं पाणीही जरा गार ठेवतात, म्हणजे बीपी टिकतं. हुडहुडी भरते, भरू दे. रात्री तीनला उठून दिवा लावतो, उजवा डोळा झाकतो आणि कॅलेंडरवरच्या तारखा वाचतो. 31 पर्यंत पोचलो की झोपतो.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? छोटीला गणितात किती पडले, कळव.

शनिवारी येशील? सकाळी 7 ची पाळी आहे. मला डुलकी लागते आणि बीपी उतरतंय ते कळत नाही. मी सारख्या जांभया द्यायला लागलो की लगेच सिस्टरला हाक मार.

तुझा,
दत्ता